विंचवाचं विष, हृदयाची पेशी आणि मायटोकॉन्ड्रियातला निर्णय

आजचा विषय जाहीर झाला, 'पेशी कशी मरते आणि त्यात मायटोकॉन्ड्रियाचा हात किती', तेव्हा बाहेर चहा घेताना एका काकांनी आम्हाला विचारलं, "हे पुण्या-मुंबईत ठीक आहे हो, महाडात कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही त्यांना एकच शब्द सांगितला: विंचू. काका हसले आणि आत येऊन पहिल्या रांगेत बसले.

महाड-पोलादपुरात वाढलेल्या माणसाला विंचू दाखवावा लागत नाही. पेंढ्याची उडवी, लाकूडफाटा, शेणी रचून ठेवलेली पडवी, चिऱ्यांचा गडगा, कौलाखालचा वासा, सगळीकडे तो असतो. त्यात दोन जाती आपल्या ओळखीच्या. एक मोठा काळा, नांग्या जाडजूड, बघूनच अंगावर काटा येतो. त्याचा डंख ठणकतो, पण माणूस सहसा दगावत नाही. दुसरा लाल-पिवळसर, दोन-अडीच इंचांचा, नांग्या बारीक. हा दिसायला किरकोळ आणि विषाला भयंकर. शास्त्रीय नाव हॉटेनटोटा टॅम्युलस. जुन्या लेखांत तुम्हाला मेसोबुथस टॅम्युलस असं सापडेल, प्राणी तोच. आज बोलायचंय ते या लाल विंचवाबद्दल, आणि त्याच्या निमित्ताने पेशीच्या आत जाऊन यायचंय.

आधी थोडा इतिहास. विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी भरून माणूस जातो, ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नव्हती असं नाही. १९६१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मुंडले यांनी त्यावर लिहिलं होतं. पण करायचं काय, ते कुणाकडे नव्हतं. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे मूळचे जालना जिल्ह्यातले तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, पुढे पोलादपूरला काम केलं, आणि मग महाडातच स्थिरावले. त्यांनी एक साधी गोष्ट केली, जी फार कमी लोक करतात: विंचू चावलेल्या रोग्याच्या उशाशी बसून राहिले. तासातासाला नाडी, रक्तदाब, घाम, हातापायांचं तापमान टिपत राहिले. त्यातून १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये लेख आला. उलटी, दरदरून घाम, तोंडाला सुटणारी लाळ, पुरुषांमध्ये लिंगाचा ताठरपणा आणि बर्फासारखे गार हातपाय ही पुढे हृदयावर बेतणार असल्याची पूर्वसूचना आहे, असं त्यात मांडलं होतं. १९८६ मध्ये त्यांचा आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांचा दुसरा लेख लॅन्सेटमध्येच आला, प्रॅझोसिन या औषधाबद्दल. प्रॅझोसिन ही रक्तदाबाची गोळी. तोवर गंभीर विंचूदंशात शंभरातले पंचवीस-तीस रोगी दगावत. प्रॅझोसिन रुळल्यावर हे प्रमाण एक-दोनावर आलं. २०२२ साली डॉक्टरांना पद्मश्री जाहीर झाली, ती बातमी तुम्ही वाचली असेलच.

ही गोष्ट तुम्हाला बहुतेक माहीत होती. आम्हाला तिच्यातला एक कोपरा उजेडात आणायचाय, ज्याच्याकडे फारसं कुणी बघत नाही.

समजा, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीत, पावसाआधी लाकडं आत घेताना एका मावशींच्या बोटाला लाल विंचू डसला. विषातले छोटे छोटे प्रथिनांचे तुकडे रक्तातून पसरतात आणि चेतातंतूंवरच्या सोडियमच्या दारांना चिकटतात. ही दारं क्षणभर उघडून लगेच मिटायची असतात. विष त्यांना मिटू देत नाही. दार मिटलं नाही की तंतू एकदा बोलून गप्प बसत नाही, बडबडत राहतो. त्या बडबडीने मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथी आणि शरीरभरची चेताटोकं अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ओतत सुटतात. वैद्यकात याला चक्क वादळच म्हणतात. रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून हातपाय गार. आवळलेल्या वाहिन्यांतून रक्त ढकलायचं, म्हणजे दाबून धरलेल्या पाइपातून पंप चालवायचा. हृदय थकतं, रक्त मागे फुप्फुसात तुंबतं, आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडायला लागतो.

अशा वेळी सोनोग्राफीसारख्या यंत्राने हृदय बघितलं, म्हणजे इको केला, तर डावा कप्पा धड आकुंचन पावत नाही असं दिसतं. आणि मावशी यातून वाचल्या, तर काही दिवसांनी, फार तर काही आठवड्यांनी, तोच इको बहुतेक वेळा जवळपास नॉर्मल येतो.

इथे आम्ही थांबतो. गेलेली ताकद परत आली कुठून?

कातडीवर जखम झाली तर नवी कातडी येते. हृदयाच्या स्नायूचं तसं नाही. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी एक नामी युक्ती केली. अणुचाचण्यांमुळे हवेत आलेला कार्बन-१४ आपल्या सगळ्यांच्या पेशींत शिरलेला आहे. त्यावरून त्यांनी हृदयाच्या पेशींची वयं काढली. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का पेशी नव्या होतात, म्हातारपणी त्याच्याही निम्म्या. म्हणजे मावशींचं हृदय चार-आठ दिवसांत सुधारलं, ते नव्या पेशी उगवून नाही. बंद पडलेल्या पेशी मेलेल्या नव्हत्याच, सुन्न झाल्या होत्या. आणि जे रोगी जातात, त्यांच्या हृदयाच्या तपासणीत मात्र खरोखर मेलेल्या स्नायूचे ठिपके सापडतात. काही रोग्यांच्या रक्तात ट्रोपोनिन चढलेलं मिळतं, तेही इजा झालेल्या पेशींतूनच आलेलं असतं.

तर सुन्न होणं आणि मरणं यांच्यात एक रेघ आहे. ती कुठे आखलेली असते?

ती मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणावर असते. आता शाळेत 'पेशीचं ऊर्जाघर' असं पाठ केलेलं तुम्हाला आठवेल. ते खोटं नाही, अपुरं आहे. ऊर्जाघरापासूनच सुरू करू. आपल्या रायगड जिल्ह्यात भिऱ्याला टाटांचं जलविद्युत केंद्र आहे. वर मुळशीचं धरण, पाणी उंचावर अडवलेलं, ते पाइपातून खाली पडतं आणि चक्र फिरवतं. मायटोकॉन्ड्रियातही हेच आहे. त्याला दोन आवरणं असतात. आतलं आवरण म्हणजे धरणाची भिंत. अन्नातून मिळालेल्या इलेक्ट्रॉनच्या जोरावर प्रोटॉन त्या भिंतीच्या एका बाजूला साठवले जातात, आणि ते परत येताना एका प्रथिनाचं चाक गरागरा फिरवतात. उपमा म्हणून सांगत नाही, ते चाक खरोखर फिरतं. त्यातून एटीपी बनतं, पेशीचं चलन. हृदयाच्या स्नायूपेशीचा साधारण एक तृतीयांश भाग नुसत्या मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला असतो. जो अवयव जन्मभर सुट्टी घेत नाही, त्याला एवढं लागणारच.

इलेक्ट्रॉन नेणाऱ्या कामगारांत एक अगदी छोटं प्रथिन आहे, सायटोक्रोम सी. दोन आवरणांच्या मधल्या फटीत ते राहतं, इकडचा इलेक्ट्रॉन तिकडे देतं. कित्येक दशकं सगळ्यांना वाटायचं की याचं काम एवढंच. १९९६ मध्ये अमेरिकेत शाओडाँग वांग यांच्या प्रयोगशाळेत शोध चालू होता तो वेगळ्याच गोष्टीचा: पेशीला ठरवून मारणारी यंत्रणा कोणत्या पदार्थाने सुरू होते? पेशींचा रस घेतला, वेगवेगळे भाग केले, आणि ज्या भागाने यंत्रणा सुरू होते तो शुद्ध करत गेले. हाती काय आलं? सायटोक्रोम सी. म्हणजे जो रोज दिवा लावतो, तोच दार ओलांडून बाहेर आला की मृत्यूची वर्दी देतो. जीवशास्त्रात असे धक्के क्वचित बसतात. पहिल्यांदा कित्येकांना तो प्रयोगातला कचरा वाटला, आणि आम्ही त्या जागी असतो तर आम्हालाही वाटलं असतं.

'ठरवून मारणारी यंत्रणा' हा शब्द आम्ही सहज वापरला, पण तो नीट बघायला हवा. १९७२ मध्ये केर, वायली आणि करी या तिघांनी ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सरमध्ये या मरणाला नाव दिलं, अ‍ॅपोप्टोसिस. मूळ ग्रीक शब्द, अर्थ पानगळ. आपल्याकडचा साग आठवा. उन्हाळ्याच्या तोंडावर साग पान गाळतो. देठाशी आधी एक पापुद्रा तयार होतो, मग पान अलगद सुटतं, झाडाला जखम राहत नाही. आणि ३ जून २०२० आठवा, निसर्ग चक्रीवादळाचा दिवस. त्या दिवशीही पानं पडली, पण फांद्यांसकट, साल फाटून. पहिलं अ‍ॅपोप्टोसिस, दुसरं नेक्रोसिस. पहिल्यात पेशी स्वतःला व्यवस्थित तुकड्यांत बांधते आणि शेजारच्या पेशी ते तुकडे गिळून टाकतात, बोभाटा होत नाही. दुसऱ्यात पेशी फुगते, फुटते, आतला ऐवज सांडतो, सूज येते. गर्भात आपली बोटं सुटी होतात ती पहिल्या प्रकारच्या मरणाने. बेडकाच्या पिल्लाची शेपटी जाते ती त्यानेच. एका इवल्या जंतात, सी. एलेगन्स त्याचं नाव, शरीर घडताना १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात, दर जंतात त्याच १३१. हे शोधणाऱ्यांना २००२ चं नोबेल मिळालं.

आता दाराशी येऊ. सायटोक्रोम सी आतून बाहेर येतं कसं? बाहेरच्या आवरणावर प्रथिनांची एक भावकी नांदते, बीसीएल-२ ची. भावकीच म्हणायचं, कारण घडण सगळ्यांची सारखी आणि भांडण एकमेकांशीच. थोरला बीसीएल-२ एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात सापडला. १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियात डेव्हिड व्हॉक्स, सुझन कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांनी दाखवलं की तो पेशींना वाढायला लावत नाही, मरू देत नाही. कर्करोग म्हणजे फक्त बेसुमार वाढ नव्हे, वेळेवर न मरणंही आहे, हे तिथून कळलं. त्याचे भाऊबंद बॅक्स आणि बॅक नेमकं उलटं करतात. बॅक आवरणावरच असतो, बॅक्स बराचसा पेशीच्या रसात मोकळा हिंडतो. इशारा आला की बॅक्स येऊन आवरणात रुततो, एकाला एक चिकटत जातात आणि भोकं पडतात. बीसीएल-२ सारखे राखणदार त्यांना धरून ठेवतात. आणि तिसरी एक फळी असते, लहान चणीची, बिम, बिड, पुमा, नॉक्सा अशा नावांची. ही पोरं पेशीत कुठे काय बिघडलं त्याच्या खबरा आणतात. कुणी डीएनए तुटल्याची, कुणी उपासमारीची. ती राखणदारांचे हात अडकवतात किंवा सरळ बॅक्सला उठवतात. एकाच खबरेवर पेशी मरत नाही. दोन्हीकडची माणसं मोजली जातात, आणि पारडं झुकलं की भोक पडतं.

गंमत बघा. हे पारडं झुकायला कधी तास लागतात, कधी दिवस. पण भोकं पडायला लागली की एका पेशीतलं जवळजवळ सगळं सायटोक्रोम सी सुमारे पाच मिनिटांत बाहेर येतं. बाहेर त्याची वाट बघत अ‍ॅपाफ-१ नावाचं प्रथिन असतं. दोघं मिळून सात आऱ्यांचं एक चाक बांधतात, त्या चाकावर कॅस्पेज-९ जागं होतं, ते कॅस्पेज-३ ला जागं करतं. कॅस्पेज म्हणजे कात्र्या. त्या पेशीची प्रथिनं ठरलेल्या जागी कापत सुटतात.

पण एक अट आहे. ते चाक बांधायलाही ऊर्जा लागते. पेशीकडे एटीपी शिल्लक असेल तरच तिला शिस्तीत मरता येतं. तिजोरी आधीच रिकामी झाली तर साग होता येत नाही, मोडकी फांदीच व्हावं लागतं. मरायलाही खर्च येतो, हे माणसांच्या बाबतीत आपल्याला ठाऊक होतं, पेशीचंही तसंच निघालं.

आता हे घेऊन मावशींच्या हृदयाकडे परत जाऊ.

अ‍ॅड्रिनलिन-नॉरअ‍ॅड्रिनलिनचा पूर आला की हृदयाच्या पेशीवरच्या बीटा नावाच्या कड्या वाजतात. त्यामुळे पेशीत कॅल्शियम शिरतं. थोडं कॅल्शियम चांगलंच, त्याने स्नायू आवळतो, आणि मायटोकॉन्ड्रियात गेलेलं थोडं कॅल्शियम तिथलं कामही वाढवतं: जास्त पळायचंय, जास्त एटीपी बनवा. पण वादळ तासन्‌तास चाललं तर मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम गिळत राहतात. एका हद्दीनंतर आतल्या आवरणात, म्हणजे आपल्या धरणाच्या भिंतीत, एक मोठं छिद्र उघडतं. हे बॅक्स-बॅकचं भोक नव्हे, हे निराळं. याच्या उघडण्यावर सायक्लोफिलिन डी नावाच्या प्रथिनाचा ताबा असतो. भिंत फुटली की साठवलेलं पाणी निघून जातं, चाक थांबतं. वाईट म्हणजे ते उलटंही फिरू लागतं आणि बनवलेलं एटीपी खाऊ लागतं. मायटोकॉन्ड्रिया फुगतात, फाटतात. २००५ मध्ये सायक्लोफिलिन डी नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या हृदयाचा रक्तपुरवठा तोडून पुन्हा सुरू केला तर इजा कमी झाली, पण त्यांच्या पेशींची पानगळ मात्र नेहमीसारखी चालू होती. म्हणजे दोन दारं आहेत, आणि त्यांच्या किल्ल्या वेगळ्या.

प्रौढ हृदय पानगळीला सहसा तयार नसतं. उंदरांवरच्या २०१७ च्या एका अभ्यासात असं दिसलं की प्रौढ वयात हृदय आणि मेंदूच्या पेशींमध्ये ही मृत्यूची सामग्री जवळपास आवरून ठेवलेली असते, तर कोवळ्या वयात ती मांडून ठेवलेली असते. त्याला कारणही आहे. वाढत्या शरीरात पेशी बदलता येतात, म्हातारपणी बदली पेशी मिळणार कुठून? इथे लगेच कुणी म्हणेल, म्हणून लहान मुलांना विंचू जास्त बाधतो का? तसं जोडू नका. मुलांमध्ये मुख्य हिशेब वजनाचा आहे. विंचू तेवढाच, विष तेवढंच, अंग लहान.

आता खरी अडचण. १९९८ मध्ये उंदराच्या सुट्या केलेल्या हृदयपेशींवर नॉरअ‍ॅड्रिनलिन टाकून बघितलं गेलं. पेशी पानगळीने मेल्या, आणि हे घडलं बीटा कडीमार्गे. ती कडी औषधाने झाकली तर पेशी वाचल्या. यावरून तुम्ही-आम्ही काय म्हणू? विंचूदंशात बीटा-ब्लॉकर द्या. बरोबर? चूक. विंचूदंशाच्या वादळात नुसता बीटा-ब्लॉकर दिला तर रोगी आणखी बिघडू शकतो. कारण शरीर म्हणजे बशीतल्या पेशी नव्हेत. रक्तवाहिन्या आवळणाऱ्या कड्या दुसऱ्या, अल्फा नावाच्या. त्या तशाच वाजत राहतात, पाइप दाबलेलेच राहतात, आणि वर आपण पंपाचा जोर काढून घेतला. फुप्फुसात पाणी आणखी तुंबतं. प्रॅझोसिन झाकतं ते अल्फा कडीला. पाइप सैल होतात, गार हात कोमट व्हायला लागतात, हृदयावरचं ओझं उतरतं. हृदयपेशीच्या बीटा कडीला, तिच्या मायटोकॉन्ड्रियाला ते हातही लावत नाही. पण ज्या ओझ्याखाली त्या पेशीची तिजोरी रिकामी होत होती, ते ओझंच काढतं.

हे उत्तर उशाशी बसणाऱ्याला सापडलं. प्रयोगशाळेचा दोष नाही यात, प्रयोगशाळेने विचारलेला प्रश्नच वेगळा होता. उलट दिशेचं उदाहरणही आहे. सायक्लोफिलिन डी ला अडवणारं औषध आपल्याकडे आहे, सायक्लोस्पोरिन. मग हार्ट अटॅकमध्ये बंद रक्तवाहिनी उघडताना ते दिलं तर मायटोकॉन्ड्रियाची भिंत वाचेल, असा सरळ हिशेब होता, आणि उंदरांत तो जुळलाही. माणसांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल २०१५ मध्ये आला. फायदा दिसला नाही. पेशीतलं नेमकं दार माहीत असणं आणि रोग्यात ते दार वेळेवर धरता येणं, यात बराच घाट चढायचा असतो. म्हणूनच आम्हाला वाटतं, महाडची ही गोष्ट मायटोकॉन्ड्रिया शिकवणाऱ्या प्रत्येकाने सांगायला हवी. दाराला हात लावायच्या आधी, दारावर धडका मारणारी गर्दी पांगवता येते का ते बघायचं.

आणि गर्दीच्याही मागे जाता येतं. मुंबईच्या हाफकिनने या लाल विंचवाच्या विषावर प्रतिविष तयार केलं. ते सोडियमच्या दारांवर बसायच्या आधीच विष धरतं. बावस्करांनी महाडच्या आपल्या रुग्णालयात ७० रोग्यांवर चाचणी केली, निम्म्यांना नुसतं प्रॅझोसिन, निम्म्यांना प्रॅझोसिन आणि प्रतिविष. २०११ मध्ये ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आली. दहा तासांत लक्षणं पूर्ण ओसरलेले रोगी: दोन्ही दिलेल्यांत ३५ पैकी ३२, नुसत्या प्रॅझोसिनमध्ये ३५ पैकी ८. लक्षात घ्या, नुसत्या प्रॅझोसिनवरचे उरलेले रोगीही बरे झाले, उशिरा झाले. पण मघाशी बघितलं ना, पारडं झुकायला वेळ लागतो, आणि तो वेळ म्हणजेच सुन्न पेशीची सगळी पुंजी. तासांचा फरक इथे किरकोळ नाही.

जाता जाता एक गंमत. याच विंचवाच्या विषात ३७ अमिनो आम्लांचा एक छोटा पदार्थ आहे, इबेरिओटॉक्सिन. १९९० मध्ये तो वेगळा केला गेला. तो पोटॅशियमच्या एका विशिष्ट वाटेला इतका अचूक बुजवतो, की जगभरच्या प्रयोगशाळा तो विकत घेऊन वापरतात. आणि २००२ मध्ये सायन्समध्ये असं छापून आलं की त्याच जातीची वाट हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या आवरणातही आहे, आणि ती उघडली तर हृदयपेशी संकटात जास्त टिकते. म्हणजे आपल्या गडग्यातल्या प्राण्याचं विष आज मायटोकॉन्ड्रियाचा अभ्यास करायला कामी येतं. विंचू चावलेल्या माणसात मात्र हा पदार्थ मायटोकॉन्ड्रियापर्यंत जात असेल असं समजू नका. असली प्रथिनं पेशीचं बाहेरचं आवरण सहजी ओलांडत नाहीत.

आता पहिल्या रांगेतल्या काकांनी चिठ्ठी पाठवली आहे. वाचतो. "आमच्या लहानपणी विंचू उतरवणारे असत. वेदना खरंच उतरायच्या. ते कसं?"

काका, चांगला प्रश्न आहे, आणि त्यात थट्टा करण्यासारखं काही नाही. पहिलं, बरेचसे डंख काळ्या विंचवाचे, किंवा लाल असला तरी विष थोडं गेलेलं. ते आपोआप उतरतात. ज्यात नुसता भयंकर ठणका आहे आणि बाकी अंग ठीक आहे, तो रोगी बहुधा धोक्यात नसतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गंभीर विंचूदंशात उलटं होतं. वादळ चढलं की डंखाच्या जागेची वेदना कमी जाणवते. घरच्यांना वाटतं, उतरला. माणूस गप्प पडलेला असतो, घामाने निथळत, हात गार. उतरवणाऱ्याचं नाव होतं, आणि त्याच वेळी आत हृदयाच्या पेशींची तिजोरी रिकामी होत असते. बावस्करांच्या निरीक्षणात याचं दुसरं टोकही आहे: उपचाराने रोगी सुधारायला लागला की डंखाची जागा पुन्हा दुखू लागते. तेव्हा रोगी कण्हतो, आणि डॉक्टर निवांत होतात.

म्हणून घरात कुणाला विंचू चावला तर 'दुखतंय का' एवढं विचारून थांबू नका. तळहात-तळपाय हातात घेऊन बघा, कपाळ पुसून बघा, उलटी झाली का ते विचारा. हात गार लागले तर दुखणं थांबलेलं असलं तरी गाडी काढा. रात्र असली तरी, पाऊस असला तरी.

दुसरी चिठ्ठी पेंढ्यात फवारणीबद्दल आहे, त्यावर खाली चहाच्या वेळी बोलू.